पुठ्ठा, खळ आणि मुलांचे हात

२३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्र सरकारने प्लास्टिक आणि थर्माकोलवरच्या बंदीची अधिसूचना काढली, तेव्हा गणपतीला सहा महिनेही उरले नव्हते. निदान त्या वर्षी तरी सजावटीला सूट मिळावी म्हणून थर्माकोलचे व्यावसायिक मुंबई उच्च न्यायालयात गेले. जुलैमध्ये न्यायालयाने ती सूट नाकारली. मग शहरातल्या बाजारापासून तालुक्याच्या पेठेपर्यंत एकच विषय झाला: यंदा मखराचं काय करायचं? मुंबईत नानासाहेब शेंडकरांसारखे कलावंत त्याच्या कितीतरी आधीपासून थर्माकोल सोडून घडीच्या पुठ्ठ्याची मखरं करत होते. त्यांच्या कामाकडे लोक नव्याने पाहू लागले. पुढे १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकवर देशभर बंदी आली, तिच्या यादीत सजावटीचा थर्माकोलही होता.

तरी प्रश्न सुटला असं मला वाटत नाही. थर्माकोल गेला तिथे अनेक दुकानांत फोमशीट आली, आणि तीही प्लास्टिकच. प्लास्टिकची झेंडूची फुलं, प्लास्टिकची आंब्याची पानं, चमचमत्या पट्ट्यांचे पडदे दरवर्षी वाढतच आहेत. बंदीने एक वस्तू गेली, सवय मात्र राहिली. सण जवळ आला की सजावट विकत आणायची, सण सरला की ती कचऱ्यात द्यायची. ही सवय अजून ज्यांना लागलेली नाही, अशी घरात फक्त लहान मुलंच असतात. त्यांच्यासाठी आणि त्यांच्याबरोबर बसणाऱ्या मोठ्यांसाठी हे पुस्तक लिहिलं आहे.

पुस्तकात आकाशकंदील आहेत, तोरणं आहेत, मखर आहे, भिंतीवर टांगायच्या चौकटी आहेत, दिवाळीच्या किल्ल्यावरची घरं आणि बुरूज आहेत. पण प्रत्येक कृतीच्या शेवटी एक भाग आहे, जो हस्तकलेच्या पुस्तकांत सहसा नसतो. ही वस्तू उकलायची कशी आणि तिचे सुटे भाग कुठे जाणार, हे त्यात सांगितलं आहे. माझ्या लेखी तोच भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि तो का, हे सांगण्यासाठीच ही प्रस्तावना.

घरात आलेला एक साधा खोका घ्या. रद्दीवाला तो वजनावर घेतो. तिथून तो कागद गिरणीत जातो, त्याचा लगदा होतो, लगद्याचा पुन्हा पुठ्ठा होतो. आता त्याच खोक्यावर आपण हॉट ग्लूने प्लास्टिकचे मणी चिकटवले, वर चमकी भुरभुरली, सोनेरी रंगाचा फवारा मारला. पेटी सुंदर दिसेल, शाळेत तिला बक्षीसही मिळेल, पण रद्दीवाला ती हातात घेणार नाही. हॉट ग्लूची कांडीच प्लास्टिकची असते. एकदा ती वितळून कागदात मुरली की कागद आणि प्लास्टिक वेगळे करणं कोणाच्याच हातात राहत नाही. ज्या पुठ्ठ्याला पुढचा जन्म होता, त्याला आपण हौसेने कचऱ्याच्या ढिगावर धाडलं आणि मुलाला सांगितलं की तू आज निसर्गाला मदत केलीस. मुलाला आपण खोटं सांगितलं. हे खोटं फार पसरलं आहे, म्हणून मला त्याची काळजी वाटते.

चमकीबद्दल जरा वेगळं बोलायला हवं, कारण मुलांना तिचा मोह अनावर असतो आणि आपल्यालाही. बाजारातली बहुतेक चमकी म्हणजे धातूचा अतिशय पातळ थर दिलेल्या प्लास्टिकच्या फिल्मचे बारीक कण. ते केरसुणीत येत नाहीत, फरशी धुतली की मोरीतून गटारात जातात, तिथून नदीत. अंगणातल्या रांगोळीवर टाकलेली चमकी पहिल्या सरीबरोबर वाहून जाते. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीवर निर्बंध आणले. आपल्याला त्यासाठी कायद्याची वाट पाहायची गरज नाही. वेफरच्या पाकिटाची आतली बाजू रुपेरी असते. पाकीट धुऊन, कोरडं करून, त्याच्या लांब पट्ट्या कापल्या तर आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या होतात. वाऱ्यावर त्या चमकीपेक्षा जास्त चमकतात. मात्र पट्ट्या लांबच कापायच्या, बारीक तुकडे करायचे नाहीत, आणि दिवाळी झाली की त्या सोडवून पुढच्या वर्षासाठी ठेवून द्यायच्या.

वेफरचं पाकीट मुद्दामच निवडलं आहे. घरातल्या कोणत्या टाकाऊ वस्तू सजावटीला घ्याव्यात, याचा निवाडा मी एकाच कसोटीवर करते: भंगारवाला जे घेतो ते शक्यतो त्याला द्यावं आणि जे कोणीच घेत नाही ते आपण घ्यावं. वर्तमानपत्रं, पाण्याच्या बाटल्या, दुधाच्या पिशव्या, पत्र्याचे डबे यांना बाजार आहे. वेफरची आणि बिस्किटांची पाकिटं, चकचकीत थर दिलेल्या लग्नपत्रिका, संपलेली पेनं, फुटक्या बांगड्या, शिंप्याकडच्या चिंध्या यांना गिऱ्हाईक मिळणं अवघड. थर्माकोलचंही तेच होतं. त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त हवा असते, टेम्पोभर माल गोळा केला तरी वजन काही भरत नाही. वजनावर चालणाऱ्या धंद्यात त्याला किंमत कुठून येणार?

म्हणून पहिल्या प्रकरणाआधी मुलांना एक काम दिलं आहे. तुमच्याकडे कचरा न्यायला ज्या ताई किंवा दादा येतात, त्यांना विचारा की आमच्या कचऱ्यातलं तुम्ही काय विकू शकता आणि काय नाही. पुण्यात कचरावेचकांनी १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन केली. शहराच्या कचऱ्यातून विकण्याजोगा माल वेगळा काढण्याचं कष्टाचं काम कोण करतं, हे त्या संघटनेमुळे शहराला दिसलं. मालाची खरी पारख या माणसांकडे आहे. कोणतं प्लास्टिक कडकडतं, कोणतं ताणलं जातं, ओला झालेला पुठ्ठा का चालत नाही, हे ती हाताच्या एका स्पर्शाने सांगतात. मुलांनी त्यांच्याशी बोलावं, त्यांना ‘तुम्ही’ म्हणावं, आणि त्यांनी सांगितलेली यादी वहीत लिहून घ्यावी. यादी गावोगावी वेगळी येईल, कारण भंगाराचा बाजार गावोगावी वेगळा असतो. त्यामुळे या पुस्तकातली सामानाची यादीही अंतिम मानू नका.

आता थोडं मागे जाऊ. वापरून झालेल्या वस्तूंनी घर सजवणं आपल्याकडे कोणी नव्याने शिकवलेलं नाही. आजीच्या विटक्या नऊवारीची आणि आजोबांच्या धोतराची गोधडी होते, तेव्हा ती पांघरूण तर असतेच, पण तिच्या काठाला कोणत्या रंगाची पट्टी लावायची, ठिगळं कशी मांडायची, यात बाईची सगळी चित्रकला उतरलेली असते. लग्नातलं रुखवत आठवा. पिस्त्याच्या टरफलांचं कमळ, काडेपेट्यांचं कपाट, सुपाऱ्यांचे भटजी, लवंग-वेलदोड्यांची फुलं, आइस्क्रीमच्या काड्यांचा पाळणा. काही घरांत औषधाच्या रिकाम्या बाटल्यांचं झुंबरही लागायचं. रद्दीचा कागद भिजवून त्यात मेथीची पूड आणि मुलतानी माती घालायची, लगदा कुटायचा, उपड्या मडक्यावर थापून टोपल्या करायच्या, हेही अनेक घरांत चालायचं. मेथीने लगदा धरून राहतो आणि किडीलाही आळा बसतो, हे त्या बायकांना कोणत्या पुस्तकातून कळलं नव्हतं. या कलेला कोणी कला म्हटलं नाही आणि करणाऱ्यांची नावंही कुठे नोंदली गेली नाहीत, याचं मला वाईट वाटतं. या पुस्तकातल्या निम्म्याहून जास्त युक्त्या त्यांच्याच आहेत.

कोकणात आणि गोव्यात याहून वेगळी वाट आहे. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला रानातली फळं, फुलं, पानं बांधतात. सिंधुदुर्गात तिला माटवी म्हणतात, गोव्यात माटोळी. नारळ, सुपारीची शिपटी, तवसं, कवंडळं, तेरडा, शेरवडाची पांढरी पानं असं पावसाळी रान घरात येऊन लटकतं. चतुर्थीच्या आदल्या दिवसांत मोठ्यांबरोबर मुलं रानात जातात आणि कोणतं फळ कुठल्या वेलीवर लागतं, कोणतं नुसतं बघायचं आणि तोंडात घालायचं नाही, हे चालता चालता शिकतात. गोव्यात सरकारचं कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीची स्पर्धाही घेतं. सण झाला की माटोळीतलं खाण्याजोगं स्वयंपाकघरात जातं आणि बाकीचं मातीत. मागे उरते ती लाकडी चौकट, पुढच्या वर्षासाठी.

सांगाडा ठेवायचा आणि वरचं दरवर्षी नवं करायचं, ही माटोळीची रीत जुन्या आकाशकंदिलातही होती. बांबूच्या कामट्या तासून, सुतळीने बांधून षटकोनी सांगाडा करायचा. त्यावर पतंगी कागद खळीने चिकटवायचा. दिवाळीनंतर कागद फाटायचा, उडायचा, विटायचा. सांगाडा माळ्यावर जायचा आणि पुढच्या आश्विनात खाली यायचा. चाळीत असा एक सांगाडा मुलांच्या दोन-दोन पिढ्या वापरत. त्याची एखादी कामटी मोडली तर तेवढीच बदलत. मला हा आकाशकंदील आदर्श वाटतो. त्याचा हाडाचा भाग टिकतो, कातडीचा भाग निसर्गाला परत जातो, आणि दोन्ही एकमेकांना असे चिकटलेले नसतात की सुटूच नयेत. पुस्तकातलं आकाशकंदिलाचं प्रकरण सगळ्यात मोठं आहे ते यामुळे. बांबू मिळत नसेल तिथे जुन्या छत्रीच्या काड्या, खराट्याच्या जाड काड्या, मोडक्या पडद्याची पातळ नळी कशी वापरायची, तेही त्यात आहे.

खळीबद्दल दोन शब्द. एक वाटी मैदा, चार-पाच वाट्या पाणी. मैदा आधी थोड्या गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवायचा, मग उरलेल्या पाण्यासह मंद आचेवर सतत ढवळत शिजवायचा. पांढरा रंग जाऊन ती काचेसारखी होऊ लागली की उतरवायची. पुस्तकबांधणीवाले खळीत मोरचूद घालत, म्हणजे तिला कीड लागत नसे. मोरचूद विषारी आहे, मुलांच्या खळीत तो अजिबात घालू नये. लागेल तेवढीच खळ करावी, पावसाळ्यात ती दुसऱ्या दिवशीच आंबू लागते. खळीने जोडलेला कागद पाण्यात भिजवला की सुटतो, आणि पुठ्ठा खळीसकट रद्दीत चालतो. फेविकॉलसारखा पांढरा गोंद लाकडाला लाकूड जोडायला चांगला, पण कागदी कामाला त्याची गरज पडत नाही.

त्याहून बरं म्हणजे काहीच न चिकटवणं. खोक्याच्या पुठ्ठ्यात दोन सपाट कागदांच्या मध्ये एक नागमोडी कागद असतो. त्या नागमोडीच्या नळ्या उभ्या राहतील अशा पट्ट्या कापल्या तर पुठ्ठा चांगलं वजन पेलतो. नळ्या आडव्या ठेवल्या तर तोच पुठ्ठा वाकतो. मुलांना हे सांगू नका. दोन पट्ट्या कापून द्या आणि त्यांच्यावर पुस्तकं ठेवायला सांगा, त्यांचं त्यांनाच कळेल. मग पट्ट्यांना निम्म्यापर्यंत खाचा पाडून एक दुसरीत अडकवायची. मखराच्या कमानी, खांब, पायऱ्या सगळं अशा खाचांवर उभं राहतं आणि विसर्जनानंतर सपाट होऊन पलंगाखाली जातं. गणपतीत हवा दमट असते, त्यामुळे पुठ्ठा दुहेरी घ्यावा आणि मूर्तीचा भार मात्र पाटावरच ठेवावा, पुठ्ठ्यावर नाही.

सुट्या होणाऱ्या वस्तूंचा विचार करताना दोन माणसांचं ऋण मानायला हवं. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे अनुताई वाघांसह ते काम कोसबाडच्या टेकडीवर बहरलं. मॉन्टेसोरीची महागडी साधनं आदिवासी पाड्यावर परवडणारी नव्हती. तेव्हा बिया, शिंपले, खडे, पानं, बांबू यांतून त्यांनी मुलांची साधनं उभी केली. भोवतालात जे आहे त्यातूनच मूल शिकेल, हा त्यांचा भरवसा होता. दुसरे अरविंद गुप्ता. आयआयटीतून शिकून बाहेर पडलेला हा अभियंता १९७८ मध्ये होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेला आणि काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे यांतून त्याने त्रिकोण, घन, घरांचे सांगाडे जोडून दाखवले. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी असंख्य खेळणी केली आणि ती कशी करायची हे सगळ्यांना मोफत खुलं करून दिलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. काडी आणि ट्यूब यांच्या जोडाला गोंद लागत नाही. खेळून झालं की सोडवा, दुसरं काही करा. या पुस्तकातल्या भिंतीवरच्या चांदण्या त्याच जोडावर उभ्या आहेत.

रंगांसाठी स्वयंपाकघर आणि किराण्याचं दुकान पुरतं. गेरू, काव, कोळशाची पूड, कपड्याची नीळ, हळद. हळदीच्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकला की पिवळ्याचा लाल होतो, आणि तो होताना पाहून मुलं जे ओरडतात ते ऐकण्यासारखं असतं. हळदीचा रंग उन्हात उडतो, गेरूचा टिकतो. असं का, हे मूल विचारेल तेव्हा एक वनस्पतीपासून आलेला आणि दुसरा मातीतून, इतकं सांगितलं तरी पुढचे प्रश्न ते स्वतः काढेल.

जपून करायच्या गोष्टीही आहेत. कागदी कंदिलात पणती किंवा मेणबत्ती कधीही ठेवू नये, एलईडीचा छोटा दिवा पुरे. फुटक्या बांगड्यांच्या कडा मोठ्यांनी आधी दगडावर घासून घ्याव्यात. औषधाच्या रिकाम्या बाटल्यांचं झुंबर पूर्वी कौतुकाचं असलं तरी आज ते मुलांच्या हातांनी करू नये, दवाखान्यातला कचरा दवाखान्याच्या वाटेनेच जावा. वर्तमानपत्राच्या कागदात फराळाचं काही ठेवू नये, त्याची शाई पोटात जायला नको.

शाळांना एक विनंती आहे. ‘टाकाऊपासून टिकाऊ’ या विषयाच्या स्पर्धा घेऊ नका. मी हे जपून आणि जाणून म्हणते. स्पर्धा लागली की रात्री अकरा वाजता आई-बाबा कागद कापत बसतात आणि मूल झोपलेलं असतं. स्टेशनरीच्या दुकानात कोऱ्या आइस्क्रीम काड्यांची पाकिटं याच स्पर्धांसाठी विकली जातात. टाकाऊ वस्तू दाखवण्यासाठी नवी वस्तू विकत आणायची, हे मुलांना आपण काय शिकवतो आहोत? बक्षीस गुळगुळीत वस्तूला मिळतं आणि सहा वर्षांच्या मुलाचा हात गुळगुळीत काम करत नसतो. त्याऐवजी वर्गाचं एकच तोरण करा. प्रत्येकाने घरून एक निरुपयोगी वस्तू आणावी, प्रत्येकाने ती आपल्या मनाने ओवावी. वर्षअखेरीला सगळ्यांनी मिळून ते उकलावं.

घरातही मुलांचं काम मोठ्यांनी दुरुस्त करू नये. कमान वाकडी झाली तर वाकडी राहू दे. ती पडली तर का पडली हे मुलाला शोधू दे. मोठ्यांनी तीनच कामं करावीत: धारदार वस्तू आणि विस्तव सांभाळावा, लागेल तेव्हा दुसऱ्या बाजूने धरावं, आणि काय करू असं विचारलं तर तुझ्यासमोर काय काय आहे असं उलट विचारावं. पुस्तकातल्या आकृत्या मुद्दाम साध्या ठेवल्या आहेत, मापंही वितीत आणि बोटांत दिली आहेत, म्हणजे हुबेहूब नक्कल करायचा मोह होणार नाही. एखादी कृती वाचून मुलाने भलतंच काही केलं तर ती कृती जमली असं समजावं.

प्रकरणं क्रमाने वाचायची गरज नाही, सण जवळ येईल तसं उघडा. गणपतीचं मखर करायचं असेल तर श्रावण लागताच खोके साठवायला घ्या, किल्ल्याला अळीव किंवा नाचणी पेरायची असेल तर दिवाळीच्या आठवडाभर आधी. सुरुवात मात्र पुठ्ठ्यापासून करा, कारण त्याला सगळ्यात कमी सामान लागतं. घरात एक खोका, बोथट टोकाची कात्री आणि वाटीभर मैदा असेल तर आज दुकानात जाऊ नका. मुलांना हाक मारा आणि जमिनीवर बसा.